वडिलांना झाला, म्हणजे मलाही होणारच का?

"वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला. आता माझा नंबर कधी, एवढंच सांगा." पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांनी बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात कॅन्सर पाहिलेले कितीतरी जण हाच प्रश्न घेऊन येतात.

त्यांच्याकडे एक वही होती. 'आजपासून बंद' असं लिहून पानंच्या पानं भरलेली: मायक्रोवेव्ह, डिओडरंट, प्लास्टिकची बाटली, फोनवर जे जे वाचलं ते सगळं. झोप उडालेली, घरात चिडचिड. वहीत सिगारेट मात्र कुठेच नव्हती. विचारलं, तर म्हणाले, "दिवसाला चार-पाचच हो. तीही सोडली तर या टेन्शनमध्ये टिकू कसा?"

त्यांना रागावण्यात अर्थ नव्हता. घाबरलेला माणूस हाताशी असलेला आधार सहजासहजी सोडत नाही.

आधी वारशाचं बोललो. साधारण ५ ते १० टक्के कॅन्सरच थेट वारशाने आलेल्या जनुकीय दोषामुळे होतात. वडिलांचं निदान सत्तरीनंतरचं, घरात दुसरं कुणी नाही. धोका थोडा जास्त, पण 'होणारच' असं मुळीच नाही. उलट ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात तंबाखू सगळ्यात वर. मग दारू, वाढलेलं वजन, बैठं काम, काही संसर्ग.

मग सिगारेट. ती ओढल्यावर ताण उतरल्यासारखा वाटतो, पण त्यातली बरीचशी अस्वस्थता निकोटीन कमी पडल्यामुळेच आलेली असते. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ उठून चालायचं, असं ठरलं. आठवड्याला १५० मिनिटांच्या व्यायामाची सुरुवातही त्यातूनच झाली. मध्ये एकदा पुन्हा ओढली, तेव्हा 'सगळं फुकट गेलं' म्हणून खचले होते. फुकट काहीच जात नाही. सोडायला अनेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात, आणि गरज पडली तर डॉक्टर औषधंही देतात.

चांगल्या सवयी म्हणजे हमी नव्हे, हेही मी स्पष्ट सांगितलं. म्हणून वडिलांचं निदानाच्या वेळचं वय डॉक्टरांना सांगून कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) कधी करायची ते विचारायला पाठवलं. तपासणीत गाठ दिसली, तर बऱ्याचदा ती कॅन्सर होण्याआधीच काढता येते. हे ऐकल्यावर त्यांनी वही उघडली आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहायला घेतले.