वाचकांचे प्रश्न : पायांनी मंद, तरी सात विजेतेपदं

प्रश्न : टॉम ब्रॅडीला अमेरिकन फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक (चाल चालवून पास फेकणारा खेळाडू) म्हणतात. व्हिडिओ बघितले तर तो धड पळतही नाही. मग कौतुक कशाचं? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : पळत नाही, हे खरंच. २००० साली व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीआधीच्या चाचणीत ४० यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले. सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघानं त्याला घेतलं. तोवर दुसरे सहा क्वार्टरबॅक निवडून झाले होते. सप्टेंबर २००१मध्ये संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून जागा मिळाली आणि त्याच हंगामात रॅम्स संघाला २०-१७ हरवून पहिला सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) जिंकला.

त्याचं खरं काम चेंडू हातात येण्याआधीच सुरू व्हायचं. मागचे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) किती खोल उभे आहेत, कोण पुढे घुसायच्या बेतात आहे, हे हेरून तो ठरलेली चाल जागेवरच बदलायचा. चेंडू आल्यावर हाती असतात जेमतेम अडीच सेकंद. पहिल्या रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर) पहारा दिसला की नजर दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. कुणीच मोकळा नसेल तर चेंडू सरळ मैदानाच्या रेषेबाहेर फेकायचा. पळण्याऐवजी एक-दोन पावलं सरकून तो धडक चुकवायचा. फेब्रुवारी २०१७मध्ये अटलांटाविरुद्ध ३-२८ पिछाडीवरून ३४-२८ असा सामना फिरवला तो याच जोरावर. सातवं विजेतेपद २०२१मध्ये टॅम्पा बे संघाकडून, वयाच्या ४३ व्या वर्षी. साखळी सामन्यांत ८९,२१४ यार्डांचे पास आणि ६४९ टचडाऊन (गुण मिळवून देणारे) पास, दोन्ही विक्रम.

प्रश्न : क्रिकेटमध्ये माझा थ्रो चांगला आहे, पण हा लांबट चेंडू हवेत डगमगतो. काय चुकतं? (कॉलेज विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : बहुतेक तळहात चिकटतोय. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी चेंडूच्या शिवणीवरच्या टाक्यांवर ठेवा, तर्जनी मागच्या टोकाकडे, अंगठा खाली. तळहात आणि चेंडूमध्ये बोटभर फट दिसली पाहिजे. डावा खांदा लक्ष्याकडे, डावं पाऊल थोडंसंच पुढे, कोपर खांद्याच्या उंचीला. चेंडू सुटताना शेवटचा स्पर्श तर्जनीचा. हात खाली येताना अंगठा जमिनीकडे वळतो. फिरकी इथूनच मिळते.

सीमारेषेवरून आडव्या हातानं फेकायची सवय मात्र सोडा. कोपर खाली पडलं की चेंडूचं नाक वर जातं. शिवाय क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास, हा ४०० ते ४२५ ग्रॅम. नुसत्या हातानं ढकलाल तर खांदा धरेल. जोर कमरेच्या वळणातून काढा. आधी दहा पावलांवरून. चेंडू न डगमगता सरळ फिरायला लागला की अंतर वाढवा. बोटं टाक्यांपर्यंत नीट पोहोचत नसतील तर ज्युनियर मापाचा चेंडू घ्या.

प्रश्न : या लांबट चेंडूत हवा किती भरायची? (बेळगाव)

उत्तर : १२.५ ते १३.५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब). जानेवारी २०१५च्या एका सामन्यात पेट्रियट्सचे चेंडू यापेक्षा मऊ निघाले. मुद्दाम हवा काढल्याचा आरोप ब्रॅडीनं नाकारला, तरी २०१६मध्ये त्याला चार सामने बाहेर बसावं लागलं. थंडीनंही हवा उतरते, आणि तो वाद बराचसा त्यावरच चालला. ३० अंशांच्या खोलीत १३ भरून डिसेंबरच्या पहाटे १३ अंशांत बाहेर काढलात, तर सुमारे दीड पीएसआय कमी भरेल. म्हणून चेंडू अर्धा तास मैदानावर ठेवून मगच हवा मोजा. सुई ओली करून घाला. कोरड्या सुईनं आतली रबरी पिशवी (ब्लॅडर) फाटू शकते.