वेबसाइट आहे, पण तिच्यावर कोणी बोलतं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांचा रोख बराचसा एकाच बाजूला होता: वेबसाइट बनवून झाली, पैसे घातले, आता तिच्याकडून धंदा कसा मिळवायचा? लांबलचक पत्रं आवरून प्रश्नापुरती ठेवली आहेत.

प्रश्न: आमची वेबसाइट देखणी आहे. होमपेजवर पाच फिरती चित्रं आहेत, व्हिडिओ आपोआप सुरू होतो. तरी चौकशी येत नाही. आमची एजन्सी म्हणते, साइट आणखी इंटरॅक्टिव्ह करू, थ्रीडी घालू. करावं का?

नको. जे हलतं ते इंटरॅक्टिव्ह, हा गैरसमज एजन्सींना परवडतो, तुम्हाला नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटवर २०१३ मध्ये फिरत्या चित्रांवरचे क्लिक मोजले गेले. आलेल्यांपैकी जेमतेम एक टक्का लोकांनी त्यांवर क्लिक केलं होतं, आणि त्यातही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. म्हणजे उरलेली चित्रं तिथे असून नसल्यासारखी. वर त्यांच्यामुळे पान जड होऊन उशिरा उघडतं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा, असे गुगलचे निकष आहेत. आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओसकट ते साध्या मोबाइलवर पाळणं अवघड जातं.

माझी कसोटी सोपी आहे. आलेल्या माणसाने काहीतरी केलं, त्याबदल्यात त्याला स्वतःच्या कामाचं काही मिळालं, आणि त्यातून तुम्हालाही काही कळलं. तिन्ही झालं तर तो संवाद. थ्रीडीत बाटली गोल फिरवून पाहिली तर यातलं काय झालं? (फर्निचर विकत असाल आणि मागची बाजू दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी.)

एजन्सीला फोन करण्याआधी तुमच्याकडे फोन उचलणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. लोक रोज काय विचारतात, ते लिहून घ्या. ‘डिलिव्हरीला किती दिवस?’, ‘जुन्या मशीनला हा पार्ट बसेल का?’, ‘कमीत कमी किती नग घ्यावे लागतात?’ ही यादी म्हणजे तुमच्या पुढच्या वेबसाइटचा आराखडा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर साइटवर सापडलं पाहिजे, आणि जे उत्तर माणसागणिक बदलतं तिथे त्याला चार गोष्टी विचारून त्याच्यापुरतं उत्तर देता आलं पाहिजे.

प्रश्न: आम्ही पाण्याचे पंप बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे डीलर, कंत्राटदार, कारखाने. आमच्या रुक्ष धंद्यात इंटरॅक्टिव्ह काय करणार? क्विझ ठेवायची का?

क्विझ राहू द्या. पण वाव म्हणाल, तर तो तुमच्याच धंद्यात सगळ्यात जास्त आहे आणि मला या पत्राचा खरं तर हेवा वाटला. कपडे विकणाऱ्याला संवादासाठी निमित्त शोधावं लागतं. तुमच्या गिऱ्हाइकाकडे खराखुरा, आकड्यांचा प्रश्न आहे: माझ्या जागेला कोणता पंप लागेल?

तुमचा इंजिनिअर फोनवर काय विचारतो? मिनिटाला किती लिटर पाणी हवं, किती उंचीवर न्यायचं, पाइप किती लांब आणि किती व्यासाचा, वीज सिंगल फेज की थ्री फेज. हीच पाच-सहा खणं पानावर ठेवा. उंची अधिक पाइपमधल्या घर्षणाचा तोटा धरून एकूण हेड (पंपाला एकंदर किती उंचीइतका जोर लावावा लागेल तो आकडा) काढा, ते तुमच्या पंपांच्या कर्व्हवर (कोणत्या हेडला पंप किती पाणी देतो, त्या आलेखावर) बसवा आणि जुळणारी दोन-तीन मॉडेलं दाखवा. कर्व्हसुद्धा दाखवा, कंत्राटदार तो वाचतात आणि न दाखवणाऱ्यावर संशय घेतात.

खरी गंमत पुढे आहे. माणसाला आकडे बदलून पाहू द्या. प्रवाह तोच ठेवून पाइपचा व्यास निम्मा केला, तर घर्षणाचा तोटा सुमारे तीसपट वाढतो. हे पत्रकात छापलं तर कोणी वाचणार नाही. पण तोच माणूस स्वतः व्यास बदलतो, डोळ्यांसमोर हेड धाडकन वाढतं, मोठ्या मॉडेलची शिफारस येते, आणि पाइपवर वाचवलेले पैसे पंपावर आणि विजेवर जाणार हे त्याला कोणी न सांगता कळतं. असं पान लोक साठवून ठेवतात, सहकाऱ्याला पाठवतात.

आणि त्या पानाने खरं बोललं पाहिजे. जमिनीवर बसवलेला पंप खालचं पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. समुद्रसपाटीला त्याची सैद्धांतिक मर्यादा साधारण १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-आठ मीटर धरतात. कोणी पाण्याची पातळी ११ मीटर खाली आहे असं भरलं, तर ‘हा पंप इथे चालणार नाही, सबमर्सिबल घ्या’ असंच उत्तर यायला हवं, तुम्ही सबमर्सिबल बनवत नसलात तरीही. ती एक विक्री जाईल. पण चुकीचा पंप गळ्यात मारल्यावर जी तक्रार येते, तिचा खर्च त्याहून मोठा असतो.

एक पथ्य. उत्तर आधी द्या, फोन नंबर नंतर मागा. ‘ही निवड ईमेलवर पाठवू का?’ असं निकालाच्या खाली विचारलं की गरजू माणूस आपणहून पत्ता देतो. उत्तर कुलुपात ठेवून नंबर मागितला की लोक खोटे नंबर भरतात.

भरलेले आकडे मात्र, नाव-गावाशिवाय का होईना, जपून ठेवा. ज्या हेडला आणि प्रवाहाला तुमच्याकडे मॉडेलच नाही, तेच आकडे पुन्हा पुन्हा दिसू लागले तर पुढच्या वर्षी कोणता पंप बनवायचा हे बाजार तुम्हाला फुकट सांगतो आहे.

प्रश्न: आमचं सगळं काम सोशल मीडियाच्या पानावर आणि मेसेजवर चालतं. गिऱ्हाईकही तिथेच आहे. मग स्वतःची वेबसाइट कशाला?

तिथे काम चालतंय तर बंद करू नका. पण ती जागा भाड्याची आहे. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून फुकट बनवता येणाऱ्या छोट्या वेबसाइटही मार्च २०२४ मध्ये बंद केल्या गेल्या, आणि ज्यांची तेवढीच साइट होती त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. जागा बंद झाली नाही तरी तुमची पोस्ट किती जणांना दिसावी, हे ठरवणारे तुम्ही नसता.

दुसरं, तुमचे जुने मेसेज नवं गिऱ्हाईक वाचू शकत नाही. एकाच प्रश्नाचं उत्तर तुम्ही शंभर वेळा टाइप करता. वेबसाइटवर ते एकदा लिहिलं की शोधणाऱ्याला थेट सापडतं. म्हणून ओळख सोशल मीडियावर होऊ द्या, पण सविस्तर माहिती, निवड आणि ऑर्डर स्वतःच्या नावाच्या डोमेनवर (वेबसाइटच्या पत्त्यावर) ठेवा. आणि ते डोमेन स्वतःच्या खात्यातून घ्या, वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे. यावरून झालेली भांडणं मी फार पाहिली आहेत.

प्रश्न: चौकशीच्या फॉर्ममध्ये आम्ही चौदा रकाने ठेवलेत, कारण विक्री विभागाला सगळी माहिती हवी असते. फॉर्म अर्धवट सोडून जाणारे खूप आहेत. किती रकाने ठेवावेत?

पहिलं उत्तर द्यायला जेवढे लागतात तेवढेच. बहुतेक धंद्यांत तीन-चार. विक्री विभागाला ‘कंपनीची वार्षिक उलाढाल’ हवी असेल, तर ती त्यांनी दुसऱ्या फोनवर विचारावी.

वेबसाइटच्या वापरसुलभतेवर काम करणाऱ्या जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये सांगितलेला एक किस्सा या क्षेत्रात अनेकांना पाठ आहे. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी नोंदणीची सक्ती होती. त्यांनी ‘नोंदणी करा’ हे बटण काढून तिथे ‘पुढे चला’ ठेवलं, आणि खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही, अशी एक ओळ लिहिली. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि मला तीच विचारायची आहे: भरलेल्या फॉर्मला उत्तर किती वेळात जातं? हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत २०११ मध्ये एक पाहणी छापून आली होती. २,२४१ अमेरिकी कंपन्यांना वेबसाइटवरून चौकशी पाठवली गेली. तासाभरात उत्तर देणाऱ्या ३७ टक्के. अजिबात उत्तर न देणाऱ्या २३ टक्के! फॉर्म तीन रकान्यांचा करा, नाहीतर एका रकान्याचा, पण चौकशी जर कोणीच न उघडणाऱ्या ईमेलवर जात असेल तर रकाने मोजण्यात अर्थ नाही. आज स्वतःच तो फॉर्म भरून पाठवा आणि घड्याळ लावा.

प्रश्न: चॅटबॉट लावावा का? स्पर्धकांनी लावलाय.

स्पर्धकांनी लावलाय हे कारण पुरेसं नाही. ऑर्डर कुठपर्यंत आली, परत करायची पद्धत काय, कामाच्या वेळा काय, अशा ठरावीक प्रश्नांसाठी बॉट चांगला. पण तो जे बोलेल ते तुम्ही बोललात असं धरलं जाईल. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला नातलगाच्या निधनानंतर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. बॉटच्या बोलण्याची जबाबदारी आमच्यावर नाही, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली.

म्हणून किंमत, सवलत, वॉरंटी या विषयांवर बॉटने तुमच्या लिखित नियमाचं पान दाखवावं, स्वतःच्या शब्दांत रचून सांगू नये. ‘माणसाशी बोलायचं आहे’ हे बटण पहिल्या संदेशापासून दिसू द्या. रात्री माणूस नसेल तर तसं लिहा आणि सकाळी किती वाजता उत्तर येईल तेही लिहा. चोवीस तास सेवा असल्याचा आव आणू नका.

प्रश्न: आमच्या साइटवर ग्राहकांचे अभिप्राय आहेत. वाईट अभिप्राय काढून टाकले तर चालेल का?

शिवीगाळ काढा, दुसऱ्याची खाजगी माहिती काढा. तक्रार काढू नका. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने ऑनलाइन खरेदीची आकडेवारी तपासली, तेव्हा खरेदीची शक्यता सगळ्यात जास्त आढळली ती ४.० ते ४.७ तारे असलेल्या वस्तूंना. पाचाच्या जवळ गेल्यावर ती उलट घसरते. सगळं गोडच असेल तर लोकांना शंका येते.

तक्रारीखाली दिलेलं उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे गिऱ्हाईक जास्त वाचतात. त्यात काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत ते सांगा. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आमच्याशी संपर्क साधा’ हे छापील वाक्य दहा तक्रारींखाली चिकटवण्यापेक्षा गप्प बसलेलं परवडलं.

प्रश्न: बटणाचा रंग लाल ठेवावा की हिरवा, यावर आमच्या ऑफिसात दोन तट पडलेत. ए/बी टेस्ट (अर्ध्या लोकांना एक बटण, अर्ध्यांना दुसरं दाखवून तुलना) करावी म्हणतो. महिन्याला ९०० लोक साइटवर येतात.

तट पडलेच आहेत तर ओबामांच्या २००८ च्या प्रचारमोहिमेची वेबसाइट आठवा. तिथे चार बटणं आणि सहा चित्रं-व्हिडिओ यांच्या २४ जोड्या तपासल्या गेल्या. टीमचा कौल व्हिडिओला होता; प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ साध्या चित्रांच्या मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण जिंकलं आणि नावनोंदणीचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. ऑफिसातलं मत आणि येणाऱ्यांचं वागणं यात इतकं अंतर असू शकतं.

पण त्या चाचणीत तीन लाखांवर लोक होते. तुमच्याकडे समजा शंभरातले दोन जण चौकशी करतात आणि तो आकडा २.४ वर गेला का हे खात्रीने ओळखायचं आहे, तर प्रत्येक बटणाला साधारण वीस हजार लोक दाखवावे लागतील. महिन्याला ९०० प्रमाणे साडेतीन वर्षांहून जास्त झाली. तोवर बटण काय, साइटही बदललेली असेल. त्यापेक्षा ज्यांनी साइट कधी पाहिली नाही अशा चार-पाच जणांना समोर बसवा, एक काम द्या आणि गप्प राहून बघा. कुठे अडतात ते दिसेल. रंगाबद्दल: पार्श्वभूमीवर उठून दिसेल तो ठेवा आणि विषय संपवा.

प्रश्न: कुकीची परवानगी मागणारी पट्टी लावली की लोक वैतागतात. ती टाळता येईल का?

कुकीच कमी करा. कुकी म्हणजे वेबसाइट येणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ती शोधून काढली वेबसाइटला ग्राहकाची आठवण राहावी म्हणून. जाहिरातवाल्यांनी तिचा माग काढायला उपयोग नंतर केला. खरेदीची टोपली लक्षात ठेवण्यापुरती कुकी वेगळी आणि माग काढणारी वेगळी. पहिलीला युरोपातसुद्धा परवानगी लागत नाही. युरोपातले ग्राहक असतील तर २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा तुम्हालाही लागू होऊ शकतो, आणि परवानगी मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं तो सांगतो. ‘नाही’ चं बटण फिकट करून कोपऱ्यात लपवायची युक्ती करू नका. तुमच्या साइटवर कोणकोणत्या कुकी आहेत ते बनवणाऱ्याला विचारा. निम्म्या कशासाठी आहेत ते त्यालाही सांगता येणार नाही. त्या काढून टाका.

प्रश्न: डॅशबोर्डवर शेकडो आकडे दिसतात. रोज नेमकं काय बघू?

रोज काहीच नाही, आठवड्यातून एकदा पुरे. भेटींचा आकडा बघून बरं वाटतं, पण त्यावरून काही ठरवता येत नाही. मी साइटवरच्या शोधपेटीत लोकांनी काय टाइप केलं ते आधी बघतो, त्यातही ज्या शब्दांना ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर गेलं ते. लोक तुमच्या वस्तूला कंपनीतल्या नावाने हाक मारत नाहीत, हे तिथे लख्ख दिसतं. ते शब्द पानांवर आणा. मग फॉर्म सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी पुरा केला, आणि चौकशीला पहिलं उत्तर जायला सरासरी किती वेळ लागला. हा शेवटचा आकडा बहुतेक डॅशबोर्डवर तयार मिळत नाही. चौकशी कधी आली आणि उत्तर कधी गेलं, हे दोन रकाने एका साध्या शीटमध्ये भरायला कोणाला तरी नेमून द्या.