गारगोटी की कॅल्साइट?

प्रश्न : विहीर खोदताना काळ्या कातळाच्या पोकळीत पांढरे, अर्धपारदर्शक खडे निघाले. एक फोडला तर तिरक्या डबीसारखे तुकडे पडले, दुसऱ्याच्या धारदार, वाकड्यातिकड्या कपच्या उडाल्या. दोन्ही गारगोट्याच का? आणि खनिज नेमके म्हणायचे कशाला?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : तिरके तुकडे पडले ते बहुधा कॅल्साइट, कपच्या उडाल्या ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ. नैसर्गिकरीत्या भूगर्भीय क्रियेने तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटकांचा आणि अणूंची नियमित मांडणी असलेला घन पदार्थ म्हणजे खनिज. त्यामुळे तुमचा काळा कातळ, बेसाल्ट, खनिज नव्हे. तो अनेक खनिजांचा मिळून झालेला खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, तिथे पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपलेल्या पाण्यातून त्यांत हे स्फटिक वाढले.

आता फुटण्यातला फरक. क्वार्ट्‌झमध्ये प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना सहसंयुज बंधांनी (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जुळलेल्या) धरून असतो आणि ही जाळी सगळीकडे सारखीच मजबूत असते. सहज चिरावी अशी पातळीच नसल्याने तो शंखाच्या आतल्या बाजूसारखा वक्र फुटतो. कॅल्साइटमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन आपसांत घट्ट असतात (हा त्यांचा गट म्हणजे कार्बोनेट), पण कार्बोनेट व कॅल्शियम यांच्यातले आयनिक बंध, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाचे बंध, त्या मानाने लवकर तुटतात, तेही तीन ठरावीक पातळ्यांवर. म्हणून तुकडा कितीही बारीक करा, कोन ७५ आणि १०५ अंशांचेच मिळतात.

खात्री करायला खड्याचा ताजा फुटलेला कोपरा काचेच्या जुन्या बाटलीवर जोर देऊन ओढा. मोहस मापनश्रेणीवर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) काचेचा कठीणपणा सुमारे ५.५, क्वार्ट्‌झचा ७, कॅल्साइटचा ३. ओरखडा उठला तर गारगोटी. इथे हमखास फसगत होते : मऊ खडा स्वतः झिजून काचेवर पांढरी पूड सोडतो आणि ती ओरखड्यासारखी दिसते. ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली तर ओरखडा नव्हता. मग खड्याची चिमूटभर पूड करून तिच्यावर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. कॅल्साइट असेल तर कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे येतात. अख्ख्या खड्यावर थेंब टाकू नका : गारगोटीवर कॅल्साइटचा पातळ थर असला तरी बुडबुडे येतात, आणि निर्णय चुकतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, गारगोटीची कपची काचेइतकीच धारदार असते.

काच ओरखडत नाही, बुडबुडेही नाहीत, आणि एका बाजूला मोत्यासारखी चमक आहे? मग स्टिल्बाइट किंवा अ‍ॅपोफिलाइट ही खनिजे असण्याची शक्यता मोठी. आपल्या भागातल्या पोकळ्यांत ही दोन्ही सापडतात. त्यांचे पापुद्रे एकाच दिशेने सुटतात, कारण बंध त्या एकाच पातळीवर कमी मजबूत असतात. असा सुंदर झुपका हाती लागला तर हातोडी लावू नका. बाजूला पडलेल्या चुऱ्यावर चाचणी करा.

प्रश्न : साखरही स्फटिकच. मग मीठ खनिज आणि साखर का नाही?
– एक वाचक, वाळवा (जि. सांगली)

उत्तर : साखर उसाने बनवलेली आणि कारखान्यात दाणेदार केलेली, म्हणून ती खनिजात बसत नाही. मिठाचेही तसेच : जमिनीत सापडणारे सैंधव खनिज, मिठागरात मुद्दाम पिकवलेले मीठ काटेकोर अर्थाने नव्हे, रचना एकच असली तरी. बंधांतला फरक तव्यावर दिसतो. साखरेचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात, आणि हे बंध त्या मानाने दुबळे असतात. ती १९० अंश सेल्सिअसच्या आतच वितळून करपू लागते. मिठात सोडियम आणि क्लोराइडचे आयनिक बंध सर्व बाजूंनी असतात, ते वितळायला ८०१ अंश लागतात.