पोकेमॉनचे सीलबंद बॉक्स घेऊन ठेवावेत की सुटी जुनी कार्डं जमवावीत?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. "पाकिटं फोडून मुलांच्या हातात देणं म्हणजे पैसे जाळणंच ना?" ते वाक्य टोचलं. बाकी तुमचं म्हणणं सरळ आहे. पुण्यात राहता, लाखभर रुपये मोकळे आहेत, पोकेमॉन कार्डांच्या पाकिटांचे सीलबंद बॉक्स पाच वर्षं ठेवावेत की सुटी कार्डं घ्यावीत, आणि चुलतभावाने अमेरिकेहून पाठवलेल्या फर्स्ट एडिशन (पहिल्या छपाईचा शिक्का असलेल्या) मशॅम्प कार्डाचं काय येईल.

मशॅम्पचं आधी उरकतो. 1999 साली दोन खेळाडूंचा जो स्टार्टर सेट आला, त्यातल्या प्रत्येक खोक्यात चमकता मशॅम्प होता आणि त्याच्यावर फर्स्ट एडिशनचा शिक्का होता. पुढच्या छपाईतही तो शिक्का तसाच राहिला. त्यामुळे शिक्का बघून उडी मारू नका, हा मशॅम्प गावभर आहे. स्थिती चांगली असेल तर दोघांचं हॉटेलातलं जेवण निघेल.

आता ते वाक्य. शब्दशः हेच माझा साडू म्हणतो, आणि गेली काही वर्षं प्रत्येक सणाला म्हणतो. आम्ही दोघंही न्यू जर्सीत. त्याच्या तळघरात पोकेमॉनचे सीलबंद बॉक्स छतापर्यंत रचलेत, डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू, एक्सेल शीट वेगळी. एकाही पोकेमॉनचं नाव त्याला धड घेता येत नाही. माझी मुलगी मात्र 1999 चा मूळ बेस सेट पुरा करायच्या मागे आहे. एकशे दोन कार्डं, त्यातली सोळा चमकती, आणि तीसुद्धा साध्या अनलिमिटेड छपाईची, म्हणजे फर्स्ट एडिशनच्या नंतरची. कोपरे झिजलेली, कुणाच्या तरी दप्तरातून फिरून आलेली. कोरी करकरीत परवडत नाहीत हे एक कारण, पण तिला अशीच जास्त आवडतात. कार्ड हातात आलं की ती आधी खाली डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव बघते. पिकाचू आणि चॅरिझार्ड दोन्ही मित्सुहिरो अरिताचे, 'कॉम्प्युटर सर्च' या कार्डावरचं ते विचित्र संगणकी चित्र केइजी किनेबुचीचं, हे मला तिच्याकडून कळलं.

एका शनिवारी आम्ही गावातल्या कार्डांच्या दुकानात होतो. तिथे मागच्या टेबलांवर मुलं आपापले बायंडर उघडून बसतात आणि अदलाबदल चालते. मुलीला त्याआधी '151' सेटच्या पाकिटातून चॅरिझार्ड ईएक्स लागला होता, पूर्ण चित्राचा, त्या सेटमधला सगळ्यात मागणीचा. तेव्हा तो शे-दोनशे डॉलरला जात होता. समोर तिच्याच वयाचा एक मुलगा होता, त्याच्याकडे मोठ्या भावाची जुनी कार्डं. चॅन्सी, पोलीरॅथ, निडोकिंग आणि बरीचशी साधी, ज्यांच्या जागा तिच्या पानांत रिकाम्या होत्या. दोघांनी पाऊण तास घासाघीस केली. मी शेजारीच कॉफी घेऊन बसलो होतो. भाव मला माहीत होता, तिलाही माहीत होता, दुकानातल्या मुलांना भाव पाठच असतात. मी एकदाच विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मधे बोलू नका." झालं. चॅरिझार्ड गेला, पानं भरली.

दिवाळीच्या फराळाला हे साडूच्या कानावर गेलं. त्याने चकली खाली ठेवली, फोन काढला, भाव पाहिले आणि अख्ख्या दिवाणखान्यासमोर मला म्हणाला, "अरे, तुझ्या डोळ्यांदेखत पोरीला गंडवलं आणि तू कॉफी पीत बसलास?" मी म्हटलं, जाऊ दे. तो कसला जाऊ देतोय. दुकानाच्या ग्रुपमधून त्याने त्या मुलाच्या बापाचा नंबर मिळवला आणि दिवाळीच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, स्पीकरवर फोन लावला. लहान मुलीचा गैरफायदा घेतलात वगैरे. बाप सज्जन. तो म्हणाला, व्यवहार मुलांनी मुलांशी केलाय, पण तुमच्या मुलीला ते परत हवं असेल तर मी आज संध्याकाळी आणून देतो.

साडूने विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "काका, मला नकोय. तुम्हाला हवा असेल तर तुम्ही घ्या ना त्याच्याकडून विकत."

कुणीतरी हसलं. बहुतेक माझी मेहुणीच. साडू म्हणाला, "मुद्दा तो नाही." पण मुद्दा अगदी तोच होता! दोनशे डॉलरची वस्तू, दोनशे डॉलरची वस्तू म्हणून तावातावाने सांगणारा माणूस ती दोनशेला घ्यायला तयार नव्हता. दीडशेलाही त्याने विचारलं नाही. त्याला ती नकोच होती. त्याला फक्त एवढंच हवं होतं की ती दुसऱ्या कुणाला तरी हवी असावी.

सट्टा आणि संग्रह यांत मला दिसणारा फरक एवढाच आहे, आणि तुम्ही घ्यायच्या आधी स्वतःला हेच विचारा. भाव ठरतो तो माझ्या मुलीसारख्या, वेडगळ, एका पानातला रिकामा खिसा डोळ्यांत खुपणाऱ्या माणसांमुळे. सटोडिया त्यांच्या जिवावर जगतो आणि वर त्यांनाच वेडं ठरवतो. बाजारात सगळेच सटोडिये झाले की एकमेकांचेच बॉक्स एकमेकांना विकत बसायचं.

हे इथे एकदा होऊन गेलंय. बेसबॉल कार्डांच्या जुन्या जमान्यात कार्डं मुलांची होती. सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी कचऱ्यात टाकली. 1952 च्या टॉप्स कंपनीच्या सेटमधली शेवटची कार्डं खपली नाहीत, म्हणून कंपनीच्या साय बर्गरने 1960 मध्ये ती बार्जवर लादून आमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच शेवटच्या मालिकेत बेसबॉलपटू मिकी मँटल होता. त्याचं एक जवळजवळ निर्दोष कार्ड 1991 साली 50 हजार डॉलरला विकलं गेलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला. हिशोब केलात तर वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास पडतो. जुन्या कार्डांचे भाव चढताना बघून 1980 च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेने कार्डं घेऊन ठेवायला सुरुवात केली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. कुणी फेकली नाहीत, सगळ्यांनी प्लास्टिकमध्ये जपली. त्या काळाला इथे 'जंक वॅक्स' (मेणकागदी पाकिटांतला भंगार माल) म्हणतात आणि त्यातले बहुतेक बॉक्स आज, पस्तीस वर्षांनी, गराज सेलमध्ये किरकोळीत मिळतात. मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून ठेवलेले होते ते.

आता पोकेमॉनची छपाई बघा. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे मार्च 2023 पर्यंत एकूण 5,290 कोटी कार्डं छापून झाली होती, मार्च 2024 पर्यंत 6,480 कोटी. म्हणजे एका वर्षात 1,190 कोटी. आणि यातली किती चाकात अडकली असतील? सगळी प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये आहेत. 2021 च्या वेडात टंचाई झाली तेव्हा कंपनीने पूर्ण क्षमतेने फेरछपाई चालवल्याचं जाहीर केलं होतं. टंचाई किती काळ टिकवायची हे ज्याच्या हातात, त्याच्याशी तुम्ही पैज लावताय. त्याच वर्षी मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीच्या पार्किंगमध्ये ट्रेडिंग कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं आणि टार्गेटने काही काळ दुकानांत कार्डं विकणंच थांबवलं. माझा साडू तेव्हा पहाटे पाचला रांगेत उभा असायचा. मुलांना एक पाकीट मिळत नव्हतं आणि हा ट्रॉली भरून नेत होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

सीलबंद की सुटी, हे तुम्ही विचारलंत. जुनं सीलबंद तुमच्यासारख्याने घेऊच नये. प्लास्टिक पुन्हा चढवता येतं. पाकिटं वजन करून आत चमकतं कार्ड आहे का ते ओळखून, जड तेवढी काढून हलकी विकायचा धंदा जुना आहे. लोगन पॉल या यूट्यूबरने फर्स्ट एडिशन बेस सेटच्या बॉक्सांची म्हणून एक सीलबंद पेटी 35 लाख डॉलरला घेतली, तपासून प्रमाणित केलेली. जानेवारी 2022 मध्ये कळलं की आत जी. आय. जो या भलत्याच मालिकेची कार्डं आहेत. त्याची ही गत, तर तुमच्या लाख रुपयांची कोण पत्रास ठेवतो?

सुटी कार्डं घ्या. मात्र कुठल्या सेटची, कुठल्या चित्रकाराची, की फक्त एकाच पोकेमॉनची, ते ठरवून घ्या. ठरवता येत नसेल तर ते लाख रुपये इंडेक्स फंडात टाका आणि सुखाने झोपा. स्लॅबमधलं ग्रेड केलेलंच, म्हणजे कंपनीने स्थिती तपासून, आकडा देऊन कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेलंच घ्यावं असं सगळे सांगतील. ग्रेडिंगला मी नावं ठेवत नाही, महाग कार्डाला ते लागतंच. पण पीएसए या ग्रेडिंग कंपनीने 1991 मध्ये सगळ्यात पहिलं म्हणून ग्रेड केलेलं बेसबॉलपटू होनस वॅगनरचं कार्ड, ज्याची कीर्ती दोन दशकं गाजली, त्याच्या कडा कापलेल्या होत्या हे लिलाव करणाऱ्या बिल मॅस्ट्रोने 2013 मध्ये कबूल केलं. तेव्हा स्लॅबवरचा आकडा वाचा आणि मग आतलं कार्डही बघा. साध्या कार्डाच्या ग्रेडिंगची फी आणि पुण्याहून जायचा-यायचा खर्च कार्डाच्या किमतीवर चढतो, त्या फंदात पडू नका. पावसाळ्यात चमकती कार्डं धनुष्यासारखी वाकतात, कारण कागद ओल पितो आणि वरचा फॉइलचा थर पीत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरे. आणि शंभर डॉलरच्या आत मिळणारा 'मूळ' चॅरिझार्ड दिसला तर आधी खालचं साल बघा. 2016 च्या 'इव्होल्युशन्स' सेटमध्ये तेच चित्र पुन्हा छापलंय आणि लोक ते जुनं म्हणून खपवतात.

एक गोष्ट सांगितली नाही तर साडू मला लबाड म्हणेल. त्याच्या ढिगात 2021 चे 'इव्हॉल्व्हिंग स्काइज'चे बॉक्स आहेत आणि ते आज त्याच्या खरेदीच्या कितीतरी पट आहेत. त्यातल्या एका अम्ब्रियॉन कार्डापायी लोक वेडे झालेत. त्याच सुमाराचे दुसऱ्या सेटचे बॉक्स मात्र त्याने ऐन तेजीत घेतले आणि फेरछपाई आल्यावर वर्षानुवर्षं तो तोंड पाडून होता. कुठला सेट चालणार हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. इव्हॉल्व्हिंग स्काइज का चाललं? तर त्यातली चित्रं लोकांना वेड लावणारी होती, म्हणजे फिरून गाडी वेड्यांपाशीच येते. त्याला विचारलं तर म्हणतो, नशीब नाही, अभ्यास होता. असेल.

पण कागदावरचा नफा आहे तो. ईबेवर विकायचं तर तेरा टक्क्यांच्या आसपास फी जाते, पोस्टेज, विमा, शिवाय "कोपरा चेपलाय, पैसे परत करा" म्हणणारा एखादा निघतोच. इथे अशा वस्तूंवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला शेअरपेक्षा जास्त, 28 टक्क्यांपर्यंत कर लागतो. तुमच्याकडे काय लागेल ते तुमच्या सीएला विचारा. म्हणून माझं ऐका, दुसरं कार्ड घ्यायच्या आधी पहिलं एकदा विकून बघा. तो मशॅम्पच विका. हातात किती पडले ते पाहिलंत की पुढचं मला विचारायची गरज उरणार नाही.

साडूलाही मी हेच सांगतोय, एक बॉक्स विकून दाखव. गेल्या महिन्यात त्याने तळघरात आणखी एक रॅक बसवला.