वडील आयसीयूत आहेत, डॉक्टर विचारतायत सीपीआर (बंद पडलेलं हृदय परत सुरू करायला छाती दाबणं) द्यायचा का. 'नको' म्हटलं तर उपचार थांबतात का?

नाही, थांबत नाहीत. प्रश्न फक्त हृदय बंद पडलं तर काय करायचं, एवढाच असतो. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सलाईन, वेदनाशामक सगळं चालू राहतं. व्हेंटिलेटरचं वेगळं विचारतात.

तुम्ही डॉक्टरांना उलट विचारा, "हृदय परत सुरू झालं तर पुढे काय?" सिनेमात दोन शॉक दिले की माणूस उठून बसतो. खऱ्यात मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबतात, तीही दोन इंच खोल. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या बऱ्याचदा मोडतात. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये यातून वाचून घरी जाणारे फार थोडे.

वडील शुद्धीवर असतील तर हे त्यांनाच विचारायला हवं. आपल्याकडे मुलाला पॅसेजमध्ये गाठून "लवकर सांगा" म्हणतात, मला ते चुकीचंच वाटतं. बसून बोलायची वेळ मागून घ्या. चर्चा करून निर्णय केसपेपरवर नोंदवायचा, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आणि मत नंतर बदलता येतं.

त्यांना लिव्हिंग विल, म्हणजे पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, करायचं असेल तर २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते, कोर्टात जावं लागत नाही.