लांडगाच निवेदकावर वैतागतो, ते जुनं कार्टून कोणतं?

तुम्ही म्हणताय ते 'रेड हॉट रायडिंग हूड'. एमजीएम स्टुडिओ, 1943, दिग्दर्शक टेक्स एव्हरी. जेमतेम सात मिनिटांचं.

सुरुवात अगदी गोग्गोड: जंगल, लाल टोपीवाली पोर, आजीकडे निघालेली. तेवढ्यात लांडगा थांबतो आणि निवेदकालाच झापतो की हे रडगाणं आता पुरे. मग ती पोरगी आणि आजीही त्याची री ओढतात. बिचारा निवेदक गोष्ट नव्याने सुरू करतो, ती थेट हॉलिवूडच्या नाइट क्लबात! ती लाल टोपीवाली, म्हणजे रेड, तिथली गायिका, लांडगा सुटाबुटातला आशिक. तिला बघून तो टेबल बडवतो, ऊर फुटेस्तोवर केकाटतो, टाळ्या वाजवायला यंत्र आणतो. रेडचं नृत्य अ‍ॅनिमेटर प्रेस्टन ब्लेअरने रेखाटलंय, आणि ते इतकं लयदार आहे की लांडग्याचा आचरटपणा त्यापुढे जास्तच खुलतो.

मला मात्र खरी धमाल आजीची वाटते. म्हातारी लांडग्याच्याच मागे लागते आणि त्याची पळता भुई थोडी करते!

जिम कॅरीचा 'द मास्क' पाहिला असेल, तर क्लबातला तो लांडगा आठवा. तो इथूनच उचललाय. लहान मुलांना दाखवण्याआधी स्वतः एकदा बघा, शेवटी पिस्तूल आहे.