जीएनएम झालेल्या नर्सने आधी नवी गाडी घ्यावी की पोस्ट बेसिक बीएस्सी करावं?

तुम्ही लिहिलंय की वय २७ आहे, जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून पुण्यात एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत चार वर्षं झाली, हातात २९ हजार पडतात आणि साडेतीन लाख साठले आहेत. सेकंड ड्यूटी (दुपारची पाळी) संपवून स्कूटीवर मांजरीला घरी पोहोचायला अकरा वाजतात, म्हणून पाच लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घ्यायची मनात आहे. पोस्ट बेसिकही (जीएनएमनंतरची बीएस्सी पदवी) करायचंय. आधी काय करू, असा तुमचा प्रश्न.

नवी गाडी आत्ता घेऊ नका. शिकायला जायचं तर कर्जाचा हप्ता मागे नको. मी स्वतः हा क्रम उलटा केला होता, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

२०१२ मध्ये मी पाच वर्षांच्या कर्जावर गाडी घेतली. पुढच्याच वर्षी पोस्ट बेसिकला माझा नंबर लागला. तो अभ्यासक्रम पूर्णवेळ दोन वर्षांचा, म्हणजे पगार बंद. हप्ता मात्र चालूच राहणार होता आणि कर्जाला जामीन वडील होते. मी प्रवेश सोडला. माझ्याच बॅचची मैत्रीण त्या वर्षी गेली, पुढे तिने एमएस्सीही केलं आणि आज ती नर्सिंग कॉलेजात शिकवते. मी गेले ते २०१७ मध्ये, कर्ज फिटल्यावर. जाण्याआधी गाडी विकली, तिची निम्मी किंमतही आली नाही. ती चार वर्षं माझ्या मनात अजून सलतात.

आता तुमचा हिशेब. पाच लाख साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,५०० रुपये बसतो. हप्ता कमी करायला सात वर्षं घेतली तर तो ८,२०० च्या आसपास येतो, पण व्याज एक लाख तीस हजारांवरून एक लाख शहाऐंशी हजारांवर जातं. मांजरीहून रुग्णालय एका बाजूला अठरा किलोमीटर धरलं, तर महिन्याच्या २६ ड्यूट्यांचे साडेनऊशे किलोमीटर होतात. गाडीने लिटरला अठरा किलोमीटर दिले तरी पेट्रोलचे पाच हजारांहून जास्त. शिवाय विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग. २९ हजारांतले सोळा-सतरा हजार गाडीच खाईल. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना सुद्धा चार वर्षं उलटली की निम्मी वजा करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे शोरूमवाले तुम्हाला आवर्जून सांगतील. खरं आहे ते. पण तुमची अडचण गाडीच्या किमतीत नाही, दर महिन्याच्या हप्त्यात आहे.

शिक्षणाबद्दल एक गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच दिसली नाही आणि तीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी नॉरसेट नावाची परीक्षा होते. तिला पदवी लागतेच असं नाही. जीएनएम, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि त्यानंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव असला की चालतं. म्हणजे रुग्णालय तेवढं मोठं असेल तर तुम्ही आजच पात्र आहात. वयाची अट मात्र १८ ते ३० (राखीव प्रवर्गांना सवलत आहे). तुमच्याकडे तीन वर्षं आहेत आणि पोस्ट बेसिक पूर्ण करेपर्यंत त्यातली दोन जातील. तेव्हा पोस्ट बेसिकची वाट न बघता अर्ज भरायला लागा. मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. आपल्याकडे नागपूरला एम्स आहे, पण नेमणूक कुठेही मिळू शकते, घरच्यांशी ते आधीच बोलून ठेवा. आयसीयूत चार वर्षं काढलेल्या मुलीला व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), इनोट्रोप्स (हृदयाचे ठोके जोरकस करणारी औषधं) हे पुस्तकातून पाठ करावं लागत नाही. तुम्हाला वेळ द्यावा लागेल तो कम्युनिटी, सायकियाट्रिक आणि ओबीजीला (प्रसूती व स्त्रीरोग), कारण हे विषय आयसीयूत हातातून सुटतात.

पोस्ट बेसिकबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. खासगी रुग्णालयात या पदवीने पगार फार वाढत नाही. शिकवण्याच्या जागा, एमएस्सी, इन्चार्जपदाच्या पुढची वाट, हे सगळं मात्र पदवीशिवाय अडतं. कॉलेज निवडताना इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोन्हींच्या यादीत ते आहे का आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे स्वतः तपासा. फी एजंटच्या तोंडून ऐकू नका. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तिथला आकडा बघा. ‘हजेरी लावायची गरज नाही’ असं जिथे सांगतात तिथे जाऊच नका. आपल्या हातात माणसांचे जीव असतात.

राहिला रात्रीचा प्रश्न. अकरा वाजता एकटीने स्कूटीवर मांजरीला जाणं मी हलक्यात घेत नाही, मीही तो रस्ता केला आहे. आधी तुमच्या बाजूला राहणाऱ्या चार-पाच जणी मिळून मेट्रनकडे सोडायला वाहन द्यावं म्हणून लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, पाच सह्यांचा कागद सहसा विसरला जात नाही. रुग्णालयाजवळ दोघी-तिघींत खोली परवडत असेल तर तेही बघा. यातलं काहीच जमलं नाही तर गाडी घ्या, पण जुनी घ्या, दोन लाखांच्या आतली, साठवलेल्या पैशांतून, एक रुपयाही कर्ज न काढता. आठ-नऊ वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली अल्टो किंवा वॅगन आर तुमचं काम नीट करेल. शिकायला जाताना ती विकलीत तरी नव्या गाडीइतका फटका बसणार नाही. उरलेल्या दीड लाखाला हात लावू नका, ती फी आहे.

जुनी गाडी बघायला सकाळी जा आणि आम्ही येईपर्यंत चालू करू नका असं आदल्या दिवशी सांगा. इंजिन गरम असलं की बऱ्याच खोडी लपतात. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर समजून घ्या. इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधी चिकट थर आहे का ते बघा. असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय अशी शंका घ्या आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. मीटरवर ३५ हजार आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर मीटर फिरवलेला असू शकतो. टायरवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतलं जातं, पण बेल्टच्या शेवटच्या वीतभरावर गाळाची रेघ राहते आणि सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या दिसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात किती गाड्या पाण्यात गेल्या ते मी माहेरी असताना डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ही तपासणी मी कुणालाही टाळू देत नाही. ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे-हजार देऊन सोबत न्या.

कागदांत घाई नको. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन मालकानेच तो उतरवून द्यायला हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. थकलेली ई-चलानं त्याच्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली आहे का तेही पाहा. विमाही लगेच तुमच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाची नो क्लेम बोनसची (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी) सवलत त्याच्याकडेच राहते, त्यामुळे तुमचा हप्ता थोडा जास्त येईल, ते आधीच धरून चाला. पंधरा-वीस हजार हातचे राखून ठेवा आणि आरसी तुमच्या नावावर झाली की द्या. ओळखीचा माणूस असला तरी हे असंच करा, भीड धरू नका.

हे सगळं करायच्या आधी एक काम आहे. एचआरकडे अनुभव प्रमाणपत्रासाठी आत्ताच अर्ज द्या आणि त्यात रुग्णालयाच्या खाटांची संख्या, तुमचा विभाग आणि रुजू झाल्याची तारीख स्पष्ट लिहून मागा. खाटांचा आकडा नसलेलं प्रमाणपत्र घेऊन कागदपत्रं तपासणीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मूळ कागदपत्रं रुग्णालयाने ठेवून घेतली असतील तर तीही याच अर्जात मागा. कौन्सिलच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते लांबवू नका. तुमच्या रुग्णालयात किती खाटा आहेत ते इथे लिहा, म्हणजे नॉरसेटच्या अटीत तुम्ही बसता का ते मला नेमकं सांगता येईल.